दोन सिस्टिम, एक मशीन: सिक्युअर बूटचा प्रश्न कुठून आला

विंडोजशेजारी लिनक्स टाकायला बसलं की हल्ली पहिला प्रश्न असतो: सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम सुरू होऊ देणारी मशीनची सोय) बंद करायचं की चालू ठेवायचं? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. तेव्हाचं सगळं भांडण डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सवरून होतं.

१९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्या पहिल्या तुकड्यात, बूट करणाऱ्या कोडला जेमतेम ४४६ बाइट्स मिळत, ६४ बाइट्स पार्टिशनच्या तक्त्याला जात आणि शेवटचे दोन खुणेला. जागा एकच, त्यामुळे जो शेवटी इन्स्टॉल होईल त्याचा ताबा. विंडोज पुन्हा टाकलं की लिलो किंवा ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, पुसला जायचा. लिनक्स डिस्कवर धडधाकट असूनही तिथवर पोचता यायचं नाही. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम त्याच दिवसांतला. लिलोची आणखी एक खोड होती. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलल्यावर त्याची कमांड पुन्हा चालवायला विसरलात, तर मशीन उठायचं नाही. ग्रब स्वतःच फाइलसिस्टिम वाचू लागला आणि ती कटकट गेली.

यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं नवं सॉफ्टवेअर (फर्मवेअर), आल्यावर जागेचं भांडण जवळजवळ मिटलं. फॅट फॉरमॅटचं एक छोटं पार्टिशन, त्यात प्रत्येक सिस्टिमचा वेगळा फोल्डर, आणि आधी कोण उठणार याचा क्रम फर्मवेअरकडे. पण २०१२ मध्ये विंडोज ८ घेऊन आलेल्या लॅपटॉपांवर सिक्युअर बूटही आलं.

मूळ कल्पना चुकीची नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. बूटकिट नावाचा घातक प्रोग्रॅम सिस्टिमच्या आधी मेमरीत शिरतो, त्यामुळे नंतर जाग्या होणाऱ्या अँटिव्हायरसला तो पकडणं फार कठीण जातं. म्हणून डिजिटल सही तपासल्याशिवाय फर्मवेअरने बूटलोडर चालवायचाच नाही. पण सही तपासायची ती कुणाच्या डिजिटल किल्लीने? मशीनला विंडोज ८ ची अधिकृत मान्यता हवी असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवूनच मशीन विकायचं, अशी अट होती. त्यामुळे बाजारातल्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये विंडोजच्या कंपनीची किल्ली बसली. साध्या पीसीवर मालकाला ही तपासणी बंद करता आली पाहिजे, असंही त्याच अटींत होतं. एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर मात्र नेमकं उलटं: बंद करता येता कामा नये. पुढे विंडोज १० च्या वेळी पीसीवरची ती सक्तीही गेली आणि बंद करण्याची सोय ठेवायची की नाही हे उत्पादकावर सोपवलं गेलं. मला सगळ्यात खटकतं ते हे. विकत घेतलेल्या मशीनवर काय चालवायचं याचा शेवटचा शब्द मालकाचाच हवा.

लिनक्सवाल्यांपुढे तेव्हा तीन वाटा होत्या. प्रत्येक उत्पादकाला गाठून आपली स्वतंत्र किल्ली बसवून घ्यायची, वापरणाऱ्याला सिक्युअर बूट बंद करायला सांगायचं, किंवा विंडोजच्या कंपनीकडून सही घ्यायची. पहिली आवाक्याबाहेरची होती. दुसरीत नवशिका माणूस फर्मवेअरचा मेनू बघूनच माघारी फिरला असता. एका मोठ्या वितरणाने (लिनक्सच्या तयार आवृत्तीला वितरण म्हणतात) ९९ डॉलर भरून तिसरी वाट धरली, बाकीचेही कमीअधिक त्याच वाटेने गेले. त्यातून आला शिम. विंडोजच्या कंपनीने सही केलेला हा छोटा प्रोग्रॅम फर्मवेअर चालू देतं, मग तो वितरणाच्या किल्लीने ग्रबची सही तपासतो. दुसऱ्या एका वितरणाला ग्रबच्या परवान्यामुळे, म्हणजे जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीमुळे, आपली खासगी किल्ली उघड करावी लागेल अशी भीती वाटली आणि त्याने ग्रब सोडायचं ठरवलं. परवान्याचा अर्थ तसा नाही, असा खुलासा मिळाल्यावर त्याने निर्णय फिरवला. ही शरणागती होती असं म्हणणारे आजही आहेत. मला ते पटत नाही; शिम नसता तर नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणारे निम्मे लोक पहिल्याच पायरीवर थांबले असते.

पण दुसऱ्याच्या किल्लीवर विसंबण्याची किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली. ग्रबमधल्या एका जुन्या त्रुटीसाठी विंडोजचं अपडेट आलं. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ते लागू होणार नाही, असं सांगितलं होतं. अनेक ठिकाणी ते लागू झालं. लिनक्स निवडलं की काळ्या पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ आणि मशीन बंद. सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन नवं एसबॅट धोरण (जुने बूटलोडर नाकारणारा नियम) काढून टाकायचं, पुन्हा चालू करायचं, असा द्राविडी प्राणायाम लोकांनी केला. कायमचा उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये आला.

रोजच्या वापरात याचा काच वेगळ्याच ठिकाणी जाणवतो. एनव्हिडियाचा किंवा वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर टाकला की रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला दहा सेकंद देतो. तेवढ्यात कळ दाबून ‘एनरोल मॉक’ (त्या ड्रायव्हरच्या सहीसाठी मालकाची किल्ली नोंदवणं) निवडायचं आणि इन्स्टॉल करताना ठेवलेला पासवर्ड द्यायचा. क्षण हुकला तर ड्रायव्हर असूनही वायफाय मिळत नाही, आणि का ते कुणी सांगत नाही. (विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर त्यात सिक्युअर बूटचा दोष नाही: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं.)

विंडोजच्या कंपनीच्या ज्या डिजिटल प्रमाणपत्राच्या, म्हणजे किल्लीच्या, जोरावर शिमवर सही होत आली ते २०११ चं आहे आणि त्याची मुदत जून २०२६ ची. त्याच्या जागी २०२३ चं प्रमाणपत्र आलं आहे. जुनी सही असलेले शिम साधारणपणे चालत राहतात, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही. पण फक्त नव्या किल्लीने सही केलेला शिम चालवायला ती किल्ली मशीनमध्ये असावी लागते. जुन्या लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकण्याआधी फर्मवेअरची अपडेट्स घेऊन ठेवा.