पंधरा हजारांची एमटीबी आणि पाच मिलिमीटरचा हिशेब

सायकलच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी पुढचा ब्रेक दाबून हँडलवर अंगाचा भार टाकतं. शॉकअप खचकन खाली जातात, वर येतात. दुकानदार म्हणतो, "खड्ड्यांचं टेन्शनच नाही साहेब!" मग जाडजूड बटण टायरवरून (रबराचे उंचवटे असलेल्या) हात फिरवायचा, गिअर किती ते विचारायचं, आणि 'एकवीस' असं उत्तर आलं की सौदा पक्का. घरापासून ऑफिस, संध्याकाळी भाजी आणि रविवारी फार तर खडकवासल्यापर्यंत चक्कर, एवढ्यासाठी दहा-पंधरा हजारांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेणारे बहुतेक जण असेच ठरवतात. माझं म्हणणं असं, की या किमतीत आणि या वापरासाठी शॉकअप, बटणं आणि एकवीस गिअर यांवर खर्चलेला पैसा जवळजवळ वाया जातो. ज्या गोष्टीवर सायकल हलकी चालणार की जड हे ठरतं, ती मात्र दुकानात कोणी विचारतही नाही: टायर आतून कसा आहे आणि त्यात हवा किती आहे.

एमटीबीचा जन्म डोंगरउतारावरचा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही उत्साही पोरं जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या मातीच्या रस्त्यांवरून सुसाट खाली सोडायची. तिथल्या एका उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधल्या (मधल्या गाभ्यातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. एमटीबी घडवणाऱ्या जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांची नावं या गोष्टीतली. सैल माती, दगड, झाडांची मुळं यांत पकड मिळावी म्हणून बटणं आली. डांबरावर रुतायला त्यांना मातीच नसते. पण टायरच्या कामाचा खरा भाग रबराच्या आत चालतो, आणि तो मला फार आवडतो. तेव्हा जरा थांबून बघू.

शाळेत आपण घर्षण शिकलो ते घासण्याचं. फिरणारं चाक रस्त्यावर घासत नाही, टेकतं आणि उचललं जातं. मग सपाट रस्त्यावर पॅडल मारणं थांबवल्यावर सायकल का थांबते? वाऱ्यामुळे, हे अर्धं उत्तर. उरलेलं उत्तर टायरच्या ठशात आहे. टायर रस्त्याला एका बिंदूत टेकत नाही. भाराखाली चपटा होऊन अंड्याच्या आकाराचा ठसा उमटवतो. चाक फिरतं तसा रबराचा प्रत्येक तुकडा या ठशात पुढच्या कडेने शिरतो, दाबला जातो, वाकतो, आणि मागच्या कडेने बाहेर पडताना पुन्हा मूळ आकारात येतो.

रबर आदर्श स्प्रिंग असतं तर दाबायला लागलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळाली असती. पण रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. व्हल्कनायझेशनमध्ये गंधकाने त्या साखळ्या जागोजागी बांधलेल्या असतात, तरी दाब आला की त्या एकमेकींवरून सरकतात आणि सरकताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून दाबताना रबर जितक्या जोराने विरोध करतं, तितक्या जोराने सुटताना ढकलत नाही. याला हिस्टेरेसिस म्हणतात. टायरच्या आतलं धाग्यांचं कापड, ट्यूब, बाहेरची बटणं, सगळे यात आपापली भर घालतात. बटणांचं तर प्रत्येकाचं स्वतंत्र वाकणं आणि सरळ होणं चालू असतं. डांबरावर बटण टायरचा जो घुर्रर्र आवाज येतो तो त्याचाच.

आता परिणाम बघा. ठशाच्या पुढच्या अर्ध्यात रस्ता टायरला जोरात वर ढकलतो, मागच्या अर्ध्यात थोडा कमी. दोन्ही मिळून जो एकूण वरचा धक्का लागतो, तो आसाच्या बरोबर खालून लागत नाही. किंचित पुढे सरकून लागतो. आसाच्या पुढून वर ढकललं की चाकाला उलटं फिरवणारी पीळ तयार होते. रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे हीच पीळ. ही सरक भागिले चाकाची त्रिज्या, असा सोपा गुणांक निघतो. २६ इंची चाकाची त्रिज्या साधारण ३३० मिलिमीटर. चांगल्या गुळगुळीत टायरमध्ये हवा नीट असेल तर सरक दोन मिलिमीटरच्या आसपास; स्वस्त, जाड, बटणांच्या आणि हवा कमी असलेल्या टायरची पाचाच्या घरात.

तीन मिलिमीटरने काय बिघडतं? स्वार सत्तर किलोचा, सायकल पंधरा किलोची. एकूण ८५ किलो, म्हणजे सुमारे ८३४ न्यूटन. त्याला ५/३३०ने गुणलं की साडेबारा न्यूटनचा विरोध, २/३३०ने गुणलं की पाच. ताशी १५ किलोमीटर वेगाला पहिल्यासाठी सुमारे ५० वॅट लागतात, दुसऱ्यासाठी २०. याच वेगाला वाऱ्याशी झुंजायला जेमतेम २५. आरामात पॅडल मारणारा माणूस आपल्या जुन्या सीलिंग फॅनला लागते तेवढीच, सत्तर-पंचाहत्तर वॅट शक्ती काढतो. त्यातले जास्तीचे तीस वॅट निव्वळ टायर गरम करण्यात जाणार असतील, तर महिन्याभरात सायकल बाल्कनीत का जाते हे वेगळं सांगायला नको. वाऱ्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ताशी ३० किलोमीटरला तिथे दोनशे वॅट लागतात आणि शर्यतवाले हेल्मेटच्या आकारावर वाद घालत बसतात. शहरात फिरणाऱ्याने ती चिंता करू नये.

हे घरी तपासता येतं. सोसायटीतला किंवा बागेबाहेरचा सपाट रस्ता घ्या, ताशी दहाचा वेग पकडा आणि पॅडल थांबवा. वरच्या गणिताने बटणांचा, कमी हवेचा टायर पंचवीस मीटरच्या आत थांबेल, गुळगुळीत टायर पन्नासच्या पुढे जाईल.

आता एक कोडं, आणि यात थोडं डोकं लावावं लागेल. रुंद टायर जड चालतो असं सगळे मानतात. मागच्या चाकावर साधारण ५०० न्यूटन भार आहे आणि हवा ४५ पाउंड (दर चौरस इंचाला), तर ठशाचं क्षेत्रफळ भार भागिले दाब, म्हणजे सुमारे १६ चौरस सेंटीमीटर. यात टायरची रुंदी कुठेच येत नाही! टायर सव्वा इंची असो की दोन इंची, ठसा ढोबळमानाने तेवढाच. अरुंद टायरचा तो लांबुळका, रुंदाचा आखूड आणि गोलसर. लांब ठसा पडायचा तर टायरला जास्त खोल दबावं लागतं, बाजूच्या भिंती जास्त वाकतात. म्हणजे हवेचा दाब आणि बनावट सारखी असेल तर रुंद टायर उलट हलका चालतो. मग शर्यतीच्या सायकलींचे टायर इतके वर्षं बारीक का होते? कारण त्यांत शंभर पाउंड हवा मारता येते. टायरच्या कापडावरचा ताण म्हणजे हवेचा दाब गुणिले टायरच्या नळीची त्रिज्या. एक इंची टायरमध्ये ९० पाउंडांनी जेवढा ताण येतो तेवढा दोन इंचीत ४५ पाउंडांनीच येतो, म्हणून रुंद टायरच्या भिंतीवर कंपनी कमी आकडे छापते. तेव्हा रुंदीला दोष देऊ नका. दोष बटणांचा, जाड निबर कापडाचा आणि सगळ्यात जास्त आपल्या आळसाचा.

कारण आपण हवा मारतच नाही. एमटीबीच्या टायरवर बहुधा '४०-६५' असं काहीतरी छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून 'आहे की' म्हटलेल्या टायरमध्ये खुशाल २० पाउंड निघतात. तिथे ठसा ३६ चौरस सेंटीमीटर होतो. शिवाय खड्ड्याच्या काठावर टायर पूर्ण चेपून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते. पंक्चरवाल्याने घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवल्यावर शेजारीशेजारी दोन ठिकाणांहून बुडबुडे येत असतील तर खिळा शोधू नका, हवा कमी होती. उलट टोकाला जाऊन ६५ही मारू नयेत. आपल्या रस्त्यांवर इतका कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि ती ऊर्जा स्वाराच्या मांसात, मनगटांत आणि कमरेत जिरते. सत्तर किलोच्या माणसाला ४५च्या आसपास पुरे.

पेट्रोल पंपावर कोणी नायट्रोजन भरा म्हणालं तर हसून नाही म्हणा. साधी हवा ७८ टक्के नायट्रोजनच असते. रबरातून ऑक्सिजन जास्त वेगाने झिरपतो, म्हणजे वरचेवर साधी हवा भरत राहिलात तर आतला नायट्रोजनचा वाटा फुकटातच वाढतो. खंडेनवमीला सायकलला झेंडूचा हार घालायला माझी हरकत नाही, पण त्या दिवशी चेनलाही दोन थेंब तेल मिळावं.

बटणं नसतील तर पावसात घसरू ना, हा पुढचा प्रश्न. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण वेगात पाण्याचा थर टायरखाली अडकून टायर तरंगू शकतो. विमानांच्या टायरांसाठी नासाच्या संशोधनातून आलेलं एक ढोबळ सूत्र आहे. त्यात ४५ पाउंड घातले तर ही अवस्था ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे येते. सायकलचा टायर तर गोल आणि अरुंद, पाणी आपसूक बाजूला सारणारा. ओल्या डांबरावर बटणांच्या टोकांपेक्षा सलग रबर चांगलं धरतं. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं यांवर मात्र कुठलाच टायर वाचवत नाही. जाता जाता: हल्ली पोरं मिरवतात त्या चार इंची टायरच्या 'फॅट बाइक' अलास्काच्या बर्फासारख्या ठिकाणी, अगदी कमी हवेवर, न रुतता चालण्यासाठी घडल्या. त्या कोथरूडमधून नळ स्टॉपला नेणं म्हणजे स्वतःला शिक्षा.

आता ते खचकन दबणारे शॉकअप. धक्का शोषायला दोन गोष्टी लागतात. स्प्रिंग धक्का साठवते, आणि डॅम्पिंग त्याची उष्णता करून टाकतं. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, तेच डॅम्पिंग. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती साठवलेला धक्का तसाच परत फेकते. त्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याचं) वजन दोन-अडीच किलो, साध्या फोर्कच्या दुपटीहून जास्त. उभं राहून चढ चढताना दर पॅडलला पुढचा भाग खालीवर डुलतो. आणि खडीची थरथर, जी खरी त्रास देते, ती या फोर्कच्या सांध्यातल्या घर्षणामुळे स्प्रिंगपर्यंत पोचतही नाही. ती शोषणारा खरा शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. १८८८मध्ये बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणूनच हवेचा टायर केला. (रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने चाळीसेक वर्षं आधीच तसं पेटंट घेतलं होतं, हे नंतर उघडकीला आलं.) या फुगीर टायरांना लोक हसले, १८८९मध्ये विली ह्यूमने त्यांवर बसून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या तेव्हा हसणं थांबलं. ज्यांना खरंच सह्याद्रीच्या पायवाटांवर उतरायचं आहे त्यांना तेलाचं डॅम्पिंग असलेला फोर्क हवाच, पण तो या बजेटमध्ये येत नाही. मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

एकवीस गिअरांचं गणित छोटं आहे. पुढे ४८, ३८, २८ दातांची तीन चक्रं, मागे १४ ते २८ दातांची सात. ४८ला २४ जोडा किंवा २८ला १४, दोन्हींचं गुणोत्तर नेमकं दोन. अशा जोड्या इतक्या येतात की एकवीसातले खरे वेगळे गिअर डझनभरच उरतात. मधल्या ३८च्या चक्रावर मिनिटाला साठ फेरे मारलेत तर मागच्या सातांत ताशी १० ते २० किलोमीटरची सगळी सोय होते. चांदणी चौकाचा चढ घ्यायचा असेल तर पुढचं लहान चक्र. ४८ला मी हातही लावत नाही.

ब्रेकबद्दल एवढंच, की रिमला पकडणारे व्ही-ब्रेक शहराला पुरतात, स्वस्त केबलच्या डिस्क ब्रेकला सतत जुळवत बसावं लागतं. फक्त भर पावसात रिम ओली असते तेव्हा चाकाच्या पहिल्या फेऱ्यात व्ही-ब्रेक कमी धरतो. ब्रेक थोडा आधी हलका दाबून पाणी पुसून घ्यायचं.

तर दुकानात साधा, न दबणारा फोर्क मागा, आपल्या उंचीची फ्रेम घ्या, आणि मडगार्ड, स्टँड, कॅरिअर बसवायला भोकं आहेत का बघा. वाचलेल्या पैशात हवेचा काटा असलेला उभा पंप येतो. आठवड्यातून एकदा वापरायचा. एमटीबी आधीच घरात असेल तर विकू नका, दीड ते दोन इंची गुळगुळीत टायरची जोडी घाला. घेताना इंचांवर जाऊ नका, टायरच्या भिंतीवरचा तीन आकडी अंक बघा: २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. तो तुमच्या जुन्या टायरवरच्या अंकाशी जुळला तरच टायर रिमवर बसतो.