जुन्या दुर्बिणींवरील कोटिंगची ओळख

जुन्या द्विनेत्री दुर्बिणीच्या लेन्स आणि प्रिझमवर परावर्तन कमी करणारे कोटिंग आहे का, असल्यास ते एका थराचे की अनेक थरांचे, आणि ते कारखान्यातून आलेले की नंतरच्या दुरुस्तीतले, हे दुर्बीण न उघडता ठरवण्याची पद्धत. जी दुर्बीण कधीच उघडलेली नाही तिच्या बाबतीत हे फारसे अवघड नसते. सर्व्हिसिंग झालेल्या दुर्बिणीत मात्र डावे वस्तुभिंग (पुढचे मोठे भिंग) एका दुर्बिणीचे, उजवे दुसरीचे आणि प्रिझम तिसरीचे असू शकतात. अशा वेळी पाटीवरची अक्षरे फक्त पाटीपुरती खरी मानावीत आणि काचेचा प्रत्येक पृष्ठभाग वेगळा तपासावा.

साधी काच हवेशी लागून असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकते. जड फ्लिंट काच (शिसे मिसळलेली काच) 5 टक्क्यांहूनही अधिक फेकते. नेहमीच्या पोरो प्रिझमच्या (काटकोन त्रिकोणी प्रिझमच्या) दुर्बिणीत एका नळीत असे 10 पृष्ठभाग असतात: वस्तुभिंगाचे 2, दोन प्रिझमचे 4 आणि साध्या नेत्रिकेचे (डोळ्याकडच्या भिंगांच्या जोडणीचे) 4. कोटिंग अजिबात नसेल तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 65 टक्के डोळ्यापर्यंत पोहोचतो. सगळीकडे मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर असेल तर हाच आकडा 88च्या आसपास जातो, आणि चांगल्या बहुथरी कोटिंगने 95पर्यंत. लेन्सना थर दिला आणि प्रिझम कोरे सोडले, तर 88चे साधारण 78 होतात. हे हिशेब फक्त परावर्तनाचे आहेत, काचेत शोषला जाणारा प्रकाश त्यात धरलेला नाही. डोळ्याला दहा टक्क्यांचा फरक सहसा कळतही नाही. कळते ते धुरकटपण: परत फेकलेला प्रकाश नळीत इकडेतिकडे आपटून चित्रावर पसरतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो.

जुनी, डागाळलेली काच कधीकधी नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश सोडते, हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले आणि भिंगरचनाकार डेनिस टेलर यांनी एकोणिसाव्या शतकातच टिपले होते. निर्वात पात्रात काचेवर थर बसवण्याची उपयोगी पद्धत कार्ल झाइस या जर्मन कंपनीच्या जेना येथील कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935मध्ये काढली. जर्मनीत ती बराच काळ लष्करी गुपित राहिली. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी 1936मध्ये स्वतंत्रपणे असाच थर बसवला होता. तेव्हा 1915 साल कोरलेल्या पितळी दुर्बिणीची भिंगे झगझगीत जांभळी दिसली, तर बहुतेक वेळा ती शोभेची नक्कल असते. त्या साली असे कोटिंग अस्तित्वातच नव्हते.

तपासणीसाठी ट्यूबलाइट किंवा उघडा बल्ब खांद्यामागे ठेवून, वस्तुभिंग डोळ्यासमोर धरून ते हळूहळू कलवावे. दिव्याची दोन ठळक प्रतिबिंबे दिसतात, एक पुढच्या पृष्ठभागाचे आणि एक मागच्या पृष्ठभागाचे. त्यांच्यामध्ये एक अगदी फिकट, जवळजवळ रंगहीन प्रतिबिंब असते. ते दोन काचा जिथे कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या असतात त्या सांध्याचे. नवखे लोक त्यालाच ‘कोटिंग नसलेला पृष्ठभाग’ समजतात. तिथे हवाच नसल्यामुळे कोटिंगची गरजही नसते. दुर्बीण कलवली की प्रतिबिंबे वेगवेगळ्या वेगाने सरकतात, आणि कोणते कुठले हे थोड्या सरावाने कळते.

प्रतिबिंब दिव्यासारखेच पांढरे आणि लख्ख असेल तर काच कोरी. निळसर किंवा जांभळे असेल तर बहुधा एकपदरी मॅग्नेशियम फ्लोराइड, ज्याची जाडी फक्त 100 नॅनोमीटरच्या आसपास असते. तोच थर थोडा पातळ बसला तर प्रतिबिंब पिवळसर, मधासारखे दिसते, जाड बसला तर निळे. म्हणून रंगावरून कोटिंगचा दर्जा ठरवणे फसवे असते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक खेपेत जाडी थोडी बदलायची, त्यामुळे डावी बाजू जांभळी आणि उजवी मधाळ दिसली एवढ्यावरून लेन्स बदलली असे म्हणता येत नाही. रंगापेक्षा प्रतिबिंबाच्या तेजाकडे पाहावे. बहुथरी कोटिंगचे प्रतिबिंब हिरवट किंवा गुलाबी असते, पण मुख्य म्हणजे ते मंद असते, शोधावे लागते. लालभडक ‘रूबी’ भिंगांचे उलट असते. ती लाल प्रकाश मुद्दाम परत फेकतात, चित्र निळसर करतात आणि दिसायला भपकेबाज असली तरी बघायला सुमारच ठरतात.

दोन्ही नळ्या एकाच दिव्याखाली शेजारीशेजारी धरून तुलना करणे ही सर्वांत भरवशाची चाचणी. एकीकडे मागचे प्रतिबिंब जांभळे आणि दुसरीकडे लख्ख पांढरे असेल, तर त्या वस्तुभिंगाची अदलाबदल झालेली असणे अगदी शक्य आहे. अशा दुर्बिणीतून दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहावे. खांब दोन दिसले तर संशय बळावतो, कारण अनेक दुर्बिणींत वस्तुभिंग विकेंद्री (मध्य सरकलेल्या) कड्यांत बसवून दोन्ही चित्रे जुळवलेली असतात आणि नीट न जुळवता काच बदलली की ती जुळणी बिघडते. याच कारणासाठी केवळ कोटिंग बघायला म्हणून वस्तुभिंग फिरवून काढू नये.

प्रिझमचे कोटिंग ओळखणे जास्त किचकट. पोरो प्रिझममध्ये प्रकाश कर्णाच्या बाजूने शिरतो आणि त्याच बाजूने बाहेर पडतो, म्हणून कोटिंग असलेच तर तिथेच असते. उरलेल्या दोन बाजूंवर पूर्ण आंतरिक परावर्तन होते, तिथे चांदीही लागत नाही. अंधाऱ्या खोलीत बारीक टॉर्च वस्तुभिंगातून तिरकी मारली की भिंगाच्या प्रतिबिंबांमागे, खोलवर, आणखी एक ठिपका दिसतो. भिंगाचे ठिपके जांभळे आणि हा पांढरा असेल तर प्रिझम कोरे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातल्या स्वस्त दुर्बिणींत हे सर्रास आढळते. ‘कोटेड ऑप्टिक्स’ असे छापलेल्या कित्येक जपानी दुर्बिणींत फक्त बाहेरच्या काचांना थर असे, जिथे गिऱ्हाइकाची नजर जाते. नेत्रिकेत दिसणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाच्या कडा कापल्यासारख्या, राखाडी दिसल्या तर तो प्रिझमच्या काचेचा, म्हणजे बीके 7 की बाक 4 यांपैकी कोणत्या प्रकारची काच याचा प्रश्न आहे, कोटिंगचा नव्हे. छतप्रिझमवरचे (छपरासारखी कड असलेल्या, म्हणजे रूफ प्रिझमवरचे) कलाकोटिंग (फेज कोटिंग) तर असे नुसत्या नजरेने दिसतच नाही. झाइसने ते 1988मध्ये आणले, त्यामुळे त्याआधीच्या छतप्रिझम दुर्बिणीत ते मूळचे असल्याचा दावा कोणी केला तर हसून सोडून द्यावा.

दुरुस्तीच्या खुणा बहुतेक कडेला सापडतात. थंड काचेवर बसवलेले जुने थर मऊ होते आणि रुमालाने पुसून पुसून निघून जात. वस्तुभिंगाचा मधला भाग पांढरा आणि कड्याला लागून जांभळी चंद्रकोर राहिली असेल, तर थर मूळचा होता आणि पुसण्याने गेला असे समजावे. रुमालाचे टोक तिथवर पोहोचत नाही. टिकाऊ, कठीण थरासाठी काच निर्वातात अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि तेवढ्या उष्णतेत बाल्समचा सांधा टिकत नाही. म्हणून चिकटवलेल्या जोडभिंगावर नंतर कोटिंग करणे कटकटीचे, दुसरे भिंग आणून बसवणे सोपे. तरीही युद्धकाळातल्या काही लष्करी दुर्बिणींना दुरुस्तीच्या वेळी कोटिंग मिळाले, त्यामुळे कोटिंगवरून दुर्बिणीचे साल काढता येत नाही.

काही गोष्टी कोटिंगचे सोंग घेतात. फ्लिंट काचेवरचा नैसर्गिक डाग निळा-तपकिरी दिसतो, पण तो ठिकठिकाणी वेगळा असतो. तेलाचा पापुद्रा इंद्रधनुषी असतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या दुर्बिणीत बुरशीच्या जाळ्या होतात. बुरशी साफ केली तरी तिने खाल्लेल्या थराचा नकाशा तिरप्या प्रकाशात दिसत राहतो, आणि आतल्या पृष्ठभागावर असा नकाशा असला की ती काच बरीच वर्षे त्याच दुर्बिणीत असावी, असा अंदाज करता येतो.

पाटीवरच्या खुणांत झाइसचे ‘टी’ अक्षर एकपदरी कोटिंगचे आणि ‘टी’वरची चांदणी बहुथरी कोटिंगची. जेनाच्या नंतरच्या दुर्बिणींवर ‘एमसी’ किंवा ‘मल्टी-कोटेड’ असे लिहिलेले सापडते. ‘क्यू 1’ ही मात्र पूर्व जर्मनीची दर्जाची खूण, तिचा कोटिंगशी संबंध नाही. युद्धकाळातली ‘बीएलसी’ म्हणजे झाइस जेना आणि ‘बीईएच’ म्हणजे लाइट्स ही दुसरी जर्मन कंपनी, हे फक्त कारखान्यांचे संकेत. जपानी दुर्बिणीवरचा ‘जेबी’ आकडाही उत्पादकाचाच. ‘टी’ कोरलेल्या दुर्बिणीची वस्तुभिंगे पांढरी चमकत असतील तर आधी कडेची चंद्रकोर शोधावी. ती नसेल आणि मागचा पृष्ठभागही पांढरा असेल, तर भिंगे नंतर कुठून तरी आली आहेत.