युवा राष्ट्रीय बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा (भारत)

भारतीय बास्केटबॉल महासंघाची १६ वर्षांखालील मुलामुलींची आंतरराज्य स्पर्धा. मुलांचे आणि मुलींचे अजिंक्यपद स्वतंत्र. वयोगटांच्या उतरंडीत हिच्या खाली उपकनिष्ठ, तर वर कनिष्ठ (१८ वर्षांखालील) आणि वरिष्ठ स्पर्धा येतात. शालेय राष्ट्रीय स्पर्धा आणि खेलो इंडिया या निराळ्या. बातम्यांत मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते. संघ राज्य संघटनांचे असतात. दिल्ली, चंडीगड यांचेही स्वतःचे संघ उतरतात.

राज्याराज्यांच्या ताकदीत फार तफावत असल्याने मागील क्रमवारीनुसार संघ दोन स्तरांत विभागले जातात. खालच्या स्तरातून आलेल्या संघालाही बाद फेरीची वाट मोकळी असते, पण ती अरुंद.

साखळीचा गुणतक्ता नवख्याला चक्रावून टाकतो, कारण हरलेल्या संघालाही गुण मिळतो. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमानुसार विजयाला २ आणि पराभवाला १ गुण. मैदानात न उतरणाऱ्याला शून्य, आणि तो सामना २०–० असा नोंदवतात. बरोबरी नसतेच, १० मिनिटांच्या चार सत्रांनंतर कोंडी राहिली, तर निकाल लागेपर्यंत पाच-पाच मिनिटांची जादा सत्रे.

दोन संघांचे तक्त्यातले गुण सारखे झाले, तर आपसातला सामना जिंकणारा वर. खरा पेच तिघांचा. ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने ‘अ’ला हरवले असेल, तर आधी फक्त या तिघांच्या आपसातल्या सामन्यांतला गुणफरक (केलेले वजा दिलेले गुण) मोजतात. दुबळ्या चौथ्या संघाला ६० गुणांनी झोडपलेले इथे कामी येत नाही. मात्र तिघांपैकी एकाशी १२ऐवजी ४ गुणांनी हरणे पुढची फेरी मिळवून देऊ शकते. हरणारा प्रशिक्षक शेवटच्या मिनिटालाही टाइम-आउट का मागतो, याचे उत्तर अनेकदा या तक्त्यात सापडते.

पदकांच्या यादीमागे बहुधा एखादे केंद्र उभे असते. पंजाबमागे लुधियानाची अकादमी आहे; २०१५मध्ये अमेरिकेतल्या ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२व्या क्रमांकावर निवडलेला सतनाम सिंग तिथलाच. छत्तीसगडच्या मुलींमागे भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी घातलेला पाया होता, इतका भक्कम की मूळची कानपूरची पूनम चतुर्वेदी छत्तीसगडकडून खेळली. महाराष्ट्रात हा खेळ मुंबईच्या नागपाड्यात, नागपुरात आणि पुण्यात मुरलेला आहे. भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवलेली शिरीन लिमये पुण्याची.