आधी प्लास्टिक ओळखा, मग गोंद निवडा

गाडीच्या दारात नवा स्पीकर बसवायचा म्हणजे दाराचं आतलं पॅड उघडावं लागतं, आणि तिथेच काहीतरी मोडतं. कधी स्पीकर धरणारी रिंग, कधी क्लिपची खाच, कधी जाळीमागचे बारीक खुंट. जुन्या गाडीत तर हमखास, कारण उन्हात तापून तापून प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. मग हाताशी असलेली फेविक्विक पिळली जाते. तुकडा बसतो, गाणी वाजतात, आणि थोड्याच दिवसांत बास वाढवला की दार खडखडू लागतं. पॅड पुन्हा उघडून तो सांधा उजेडात धरून बघा. गोंदाचा कडक, चकचकीत पापुद्रा एका बाजूने अख्खा सुटून आलेला असतो. म्हणजे गोंद तुटलेला नाही. तो त्या प्लास्टिकला धड चिकटलाच नव्हता.

याचं कारण बहुतेक वेळा त्या भागाच्या मागच्या बाजूवरच छापलेलं सापडतं. गाडीतल्या प्लास्टिकच्या भागांवर दोन टोकदार कंसांत अक्षरं असतात: पीपी, एबीएस, पीसी, कधी ‘पीपी-टीडी२०’. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, एबीएस आणि पीसी ही दुसरी दोन कडक प्लास्टिकं, आणि टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळली आहे. दाराची पॅडं आणि बंपर बहुतेक पीपीचे असतात, तर बाजारात मिळणाऱ्या स्पीकरच्या रिंगा पुष्कळदा एबीएसच्या. दिसायला दोन्ही काळी, दोन्ही गुळगुळीत, पण गोंदाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत.

पॉलिप्रोपिलीनच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. गोंदाच्या रेणूला धरायला जागाच नाही. पदार्थाचा पृष्ठभाग बाहेरच्या द्रवाला किती ओढून घेतो, ते पृष्ठऊर्जेवरून कळतं. पीपीची पृष्ठऊर्जा साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, एबीएसची ४० च्या आसपास. द्रवाची स्वतःतच गोळा होऊन राहायची ओढ म्हणजे पृष्ठताण, तोही याच एककात मोजतात: पाण्याचा ७२, अराल्डाइटसारख्या इपॉक्सीचा साधारण ४५. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की द्रव पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पीपीवर पाण्याचा थेंब टाका, तो अळवावरच्या पाण्याइतका नाही, पण बराचसा तसाच फुगून राहतो. महागातलं इपॉक्सीही इथे नीट पसरत नाही. मग डब्यावर कितीही किलोची ताकद छापलेली असो, ती या सांध्याला मिळत नाही.

अक्षरं पुसली असतील तर काही जण तुकडा पाण्यात टाकून बघतात. शुद्ध पीपी तरंगतं, एबीएस बुडतं, हे खरं आहे. पण शंखजिरं मिसळलेलं पीपीही बुडू शकतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. आतल्या बाजूला कापसाने ॲसिटोन लावून बघणं जास्त खात्रीचं. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीवर काहीच होत नाही.

एबीएस निघालं तर काम सोपं. त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरा. दोन्ही कडा थोड्या विरघळतात, रेणू एकमेकांत शिरतात, आणि ॲसिटोन उडून गेलं की सांध्याच्या जागी प्लास्टिकच उरतं. मात्र ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते, तेव्हा हे काम उघड्यावर आणि ज्योतीपासून लांब करा.

पीपीला माझा पहिला सल्ला गोंदाचा नाहीच, वितळवून जोडण्याचा आहे. पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं. म्हापशात, फोंड्यात, मडगावात बंपर दुरुस्त करणारे कारागीर गरम हवेची गन आणि पीपीची काडी घेऊन हेच करतात. स्पीकरची रिंग त्यांच्याकडे नेली तर ती पक्की जोडून मिळेल. गोंदच लावायचा असेल तर आधी पृष्ठभाग बदला. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉन पॉलिशचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर मारा, पुन्हा पुसा, मग बंपर रंगवण्याआधी मारतात तो पीपीचा प्रायमर पातळ लावा. त्याचे रेणू एका अंगाने पीपीला आणि दुसऱ्या अंगाने गोंदाला धरतात.

आता गोव्याच्या हवेचं. सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो इतक्या झपाट्याने आवळतो की तुकडा सरळ करायलाही उसंत मिळत नाही, आणि त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी राख पसरल्यासारखी बसते. शिवाय तो ठिसूळ आहे. स्पीकर सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो, तिथे ठिसूळ सांधा टिकत नाही. ग्लू गनची कांडी याच्या उलट. ती लवचिक आहे, पण शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात उन्हात लावलेल्या बंद गाडीत ती नरम पडून सरकते.

उष्णतेचा आणखी एक त्रास सहज दिसत नाही. दाराचा पत्रा पोलादाचा, रिंग प्लास्टिकची. शुद्ध पीपी पोलादाच्या आठपट किंवा त्याहून जास्त प्रसरण पावतं. १६५ मिलिमीटरची रिंग सकाळच्या २५ अंशांवरून दुपारी ६५ वर गेली तर दोघांच्या प्रसरणात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. कागदाएवढा पातळ, कडक थर हा ताण रोज कसा सोसणार? म्हणून पत्रा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर या रबरासारख्या राहणाऱ्या गोंदाचा लवचिक थर द्या, दोन-तीन मिलिमीटर जाड. प्रायमर इथेही हवाच. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड स्पीकरच्या तांब्याच्या टोकांना गंज चढवतं.

आणि स्पीकरचं वजन गोंदावर कधीच टाकू नका. चुंबकाचा भार स्टेनलेस स्क्रू आणि वॉशरने पेलायचा, गोंदाने फक्त फट बुजवायची आणि थरथर शोषायची. रिंग एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, तर अजिबात नको. काचेच्या खाचेतून पावसाचं पाणी दारात उतरतं, तशीच दाराची रचना असते, आणि ते खालच्या भोकांवाटे बाहेर जातं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात एमडीएफ फुगून स्क्रू सैल पडतात.

ही भोकं गोंदाने बुजणार नाहीत याची काळजी घ्या. पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही फाडून टाकू नका, तो पाणी आत येऊ देत नाही. ज्या काळ्या, चिकट दोरीवर तो बसवलेला असतो ती बुटाइल रबराची असते. बुटाइल सुकून कडक होत नाही, म्हणून कागद हळूच सोडवून काम झाल्यावर पुन्हा दाबून बसवता येतो. दोरीला धूळ लागली असेल तेवढाच भाग काढून तिथे नवी बुटाइल टेप लावा.