बुडत्या रेल्वेसाठी बांधलेलं हॉटेल: डेथ व्हॅलीतल्या जुन्या मुक्कामांची पार्श्वभूमी

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसाला 'आता कसं वाटतं?' असं विचारलं, तर तो आधी वाळूच्या टेकड्यांबद्दल बोलत नाही, जेवणाबद्दल बोलतो. तिथल्या फर्नेस क्रीक रँच या मुक्कामावरचं 'रँग्लर' स्टेकहाउस गेलं, 'फोर्टी नायनर' कॅफे गेला. 2018च्या सुमारास मोठं नूतनीकरण झालं आणि सगळ्या जागेला 'द ओॲसिस ॲट डेथ व्हॅली' असं गुळगुळीत नाव मिळालं. कॅफेच्या जागी बुफे आला. स्टेकहाउसच्या जागी जुन्या पश्चिमेचा देखावा केलेलं नवंकोरं सलून आलं. जुनं पाडायचं आणि त्याच जागी 'जुनं' बांधायचं, ही गंमत जुन्या गिऱ्हाइकांना फारशी रुचलेली नाही.

पुण्या-मुंबईत एखादं इराणी हॉटेल बंद पडलं की चार दिवस हळहळ होते, मग माणूस पुढच्या कोपऱ्यावरच्या चहाला सरावतो. वाळवंटात पुढचा कोपरा नसतो. फर्नेस क्रीकहून निघालात की पुढचं ताट स्टोव्हपाइप वेल्सला, सुमारे 40 किलोमीटरवर. त्यानंतरचं पॅनमिंट स्प्रिंग्जला, मध्ये अख्खी डोंगररांग ओलांडून. तीन-चार ठिकाणांतच पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या, झोपल्या. त्यामुळे एक मेनू बदलला तरी हजारोंच्या आठवणींना धक्का बसतो.

पण ज्याला ही मंडळी 'मूळचं' म्हणतात, ते मुळात पर्यटकांसाठी नव्हतंच. त्याचा उगम आहे टाकणखारात.

1881मध्ये इथे टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, सापडला. विल्यम टेल कोलमन या व्यापाऱ्याने हक्क विकत घेतले आणि 1883मध्ये 'हार्मनी बोरॅक्स वर्क्स' सुरू केलं. तिथला माल खेचरांच्या प्रसिद्ध गाड्यांतून 165 मैलांवरच्या मोहावी स्टेशनापर्यंत जायचा. हे काम 1888मध्ये थांबलं. माणसांना आणि जनावरांना चारा-भाजी मिळावी म्हणून झऱ्याच्या पाण्यावर ग्रीनलँड रँच नावाचा मळा उभा राहिला होता, तो मात्र टिकला. हाच पुढे फर्नेस क्रीक रँच झाला. 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं ते याच मळ्यावर. काही हवामानतज्ज्ञ त्या नोंदीवर शंका घेतात, पण जगातला उच्चांक म्हणून ती अजून उभी आहे. पर्यटनाच्या जाहिरातीला याहून वाईट आकडा कोणता असेल? आणि आज लोक नेमके त्याच आकड्यासाठी येतात, थर्मामीटरसमोर फोटो काढायला.

कोलमनचं दिवाळं निघाल्यावर त्याची मालमत्ता फ्रान्सिस मॅरियन स्मिथकडे आणि तिथून पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीकडे गेली. कंपनीने रायन इथल्या खाणींपासून डेथ व्हॅली जंक्शनपर्यंत 1914मध्ये अरुंद रुळांची रेल्वे टाकली. 1920च्या दशकाच्या मध्यावर मोहावी वाळवंटात, आजच्या बोरॉन गावाजवळ, खाणीला सोपा आणि कितीतरी मोठा साठा मिळाला. रायनचं काम संपल्यात जमा झालं. आता रेल्वेचं काय करायचं? माल नाही तर माणसं न्या, असा हिशेब कंपनीने मांडला. माणसं यायची तर त्यांना राहायला जागा हवी. त्या हिशेबातून 1 फेब्रुवारी 1927 रोजी फर्नेस क्रीक इन उघडलं.

सुरुवातीला खोल्या होत्या अवघ्या 12. आराखडा लॉस एंजेलिसच्या अल्बर्ट सी. मार्टिन यांचा, स्पॅनिश मिशनच्या धर्तीचा. मातीच्या कच्च्या विटा थापल्या त्या टिंबिशा शोशोनी लोकांनी. ते या खोऱ्याचे मूळ रहिवासी. पुढच्या आठ-दहा वर्षांत टेकडीच्या उतारावर खोल्या वाढत 66पर्यंत गेल्या. गरम झऱ्याचं पाणी पोहण्याच्या तलावात खेळवलं, तेच पुढे पामवृक्षांच्या बागेत सोडलं. रात्री जेवायला नीटनेटक्या कपड्यांतच यावं असा दंडक होता. उन्हाळ्यात इन बंदच असे. रायनला खाणकामगारांच्या रिकाम्या बराकींचंही हॉटेल केलं आणि खाणीतल्या चिमुकल्या गाडीतून पर्यटकांना फिरवलं.

एवढं करून रेल्वे वाचली नाहीच. मोटारी आल्या आणि तीन-चार वर्षांत ती बंद पडली. जिच्यासाठी इन बांधलं ती गेली, इन राहिलं.

खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला याच सुमारास एक एकांडा माणूस खटपट करत होता. बॉब आइकबॉम. ऱ्हायोलाइट या सोन्याच्या गावात विजेचं काम केलेला हा गडी पुढे कॅटलिना बेटावर पर्यटकांच्या धंद्यात मुरला होता. त्याला खोऱ्यात पश्चिमेकडून रस्ता हवा होता, कारण लॉस एंजेलिसचं गिऱ्हाईक तिकडून येणार. इन्यो काउंटीची परवानगी काढून त्याने टोलरस्ता खणला. गाडीला दोन डॉलर, माणशी 50 सेंट. 1 नोव्हेंबर 1926 रोजी, म्हणजे कंपनीच्या इनच्या तीन महिने आधी, त्याने 20 छोट्या बंगल्यांची वसाहत उघडली: 'बंगलेट सिटी'. नाव टिकलं नाही. लाकूड वाहणारे ट्रक वाळूत रुतले, पुढे जाईनात, म्हणून ठरलेली जागा सोडून तिथेच हॉटेल बांधलं, असं सांगतात. जुन्या विहिरीवर खूण म्हणून चुलीचं धुराडं रोवलेलं होतं, त्यावरून स्टोव्हपाइप वेल्स हे नाव. ती विहीर हॉटेलपासून बरीच दूर आहे. आइकबॉम 1932मध्ये वारला आणि त्याचा रस्ता दोन वर्षांनी सरकारने विकत घेतला. आज तिथल्या जेवणघराला 'टोल रोड' नाव आहे. ते वाचून आत जाणाऱ्या किती जणांना त्या दोन डॉलरची आठवण असेल कोण जाणे.

राष्ट्रीय उद्यान खात्याचे पहिले संचालक स्टीफन मॅथर तरुणपणी याच बोरॅक्स कंपनीत होते. 'ट्वेंटी म्यूल टीम' (वीस खेचरांची गाडी) या बोरॅक्सच्या छापाच्या मागे डोकं त्यांचंच. त्यामुळे आपल्या जुन्या मालकांच्या हॉटेलाला राष्ट्रीय दर्जा मिळवून दिल्याचा ठपका येईल, या भीतीने ते डेथ व्हॅलीबाबत हात राखून राहिले. त्यांचे उत्तराधिकारी होरेस ऑलब्राइट यांनी काम तडीस नेलं आणि 11 फेब्रुवारी 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी राष्ट्रीय स्मारकाची, म्हणजे सरकारने राखलेल्या प्रदेशाची, घोषणा केली. म्हणजे उद्यान नंतर आलं, हॉटेल आधी. इन आणि रँचची जमीन खासगीच राहिली, आजही आहे. नाव बदला, कॅफे पाडा, मालकाला तशी मोकळीक असते ती यामुळे. स्टोव्हपाइप वेल्स मात्र सरकारी मालकीचं, चालवायला ठेकेदार. तिथे बदल सावकाश होतात. जुन्या गिऱ्हाइकांचा ओढा हल्ली तिकडे जास्त दिसतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

1956मध्ये इन आणि रँचचा कारभार फ्रेड हार्वी कंपनीकडे आला आणि 1969मध्ये तिने दोन्ही विकत घेतली. रेल्वे स्टेशनांवर चांगलं जेवण देण्यासाठी ती अमेरिकेत नावाजलेली होती. लोकांच्या मनात रुतलेला डेथ व्हॅलीचा मुक्काम बहुतेक याच काळातला: रँचवरची घरगुती न्याहारी, खजुराचा मिल्कशेक आणि समुद्रसपाटीच्या 214 फूट खालचं गोल्फचं मैदान. खजुराची बाग बोरॅक्स कंपनीनेच 1920च्या दशकात लावलेली. इन पैसेवाल्यांचं, रँच पोराबाळांचं, ही वाटणीही तेव्हा पक्की झाली. 1994मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं.

या सगळ्या हळव्या गोष्टींत एक जागा क्वचितच येते. इनच्या विटा थापणाऱ्या टिंबिशा लोकांना फर्नेस क्रीकजवळच 40 एकरांत बसवलं होतं, तिथे 1936 साली मातीची घरं बांधली गेली. 1957नंतर उद्यान खात्याने धोरण बदललं. एखादं घर रिकामं झालं, मग ते कुटुंब फक्त उन्हाळ्यापुरतं डोंगरावर गेलेलं का असेना, की त्यावर पाण्याचा फवारा मारून ते विरघळवायचं. पर्यटकांच्या तलावाला पुरवायला जिथे झरा होता, तिथली ही गोष्ट. जमातीला केंद्र सरकारची मान्यता 1983मध्ये मिळाली, आणि कायद्याने जमीन परत मिळाली ती 2000 साली.

उद्यानाच्या हद्दीबाहेर, फर्नेस क्रीकपासून 50 किलोमीटरवर, डेथ व्हॅली जंक्शनला त्याच बोरॅक्स कंपनीने 1923 ते 1925मध्ये बांधलेलं हॉटेल अजून आहे. कंपनी निघून गेली, गाव ओस पडलं. 1967मध्ये न्यू यॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट हिच्या गाडीचं चाक इथे पंक्चर झालं. दुरुस्ती होईतो ती कंपनीच्या जुन्या सभागृहात डोकावली आणि राहिलीच. 10 फेब्रुवारी 1968 रोजी तिने पहिला प्रयोग केला. गर्दी नसायची, म्हणून तिने भिंतींवर प्रेक्षकच रंगवले: राजा, राणी, ख्रिस्ती नन, बैलांशी झुंजणारे. 2012पर्यंत ती त्यांच्यासमोर नाचत होती. 2017मध्ये ती गेली. हॉटेलातल्या काही खोल्यांच्या भिंतींवरही तिची चित्रं आहेत. तिथे राहायचं झालं तर जेवणाची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावं.