परमिट रूम आणि मंदी

परमिट रूम म्हणजे बसून मद्य पिण्याची परवानाधारक जागा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या चौकटीत राज्य उत्पादन शुल्क विभाग तिला ‘एफएल-३’ हा परवाना देतो. मोठ्या शहरांत तिला पब, लाउंज अशी नावे मिळाली. सांगली, मिरज, विटा, तासगाव या भागांत पाटीवर ‘परमिट रूम व बिअर बार’ असते आणि बोलताना नुसता ‘बार’. मित्राला तिथे बोलावताना ‘बसायचं का?’ एवढेच विचारतात, पिण्याचा उल्लेखही लागत नाही. या धंद्याचे सारे अर्थकारण त्या बसण्यात आहे आणि हात आखडला की लोक आधी बसणे कमी करतात.

पैसे कमी पडू लागले म्हणून दारू सुटते असे सहसा होत नाही. पिण्याची जागा बदलते. वाइन शॉपमध्ये १८० मिलीची क्वार्टर छापील किमतीत मिळते. बारमध्ये त्याच क्वार्टरवर खुर्ची, पंखा, बर्फ, वेटर आणि संध्याकाळचे दोन तास यांची किंमत चढते. त्यामुळे तंगीच्या दिवसांत गिऱ्हाईक बाटली घेऊन शेतातल्या खोलीवर, गाडीत किंवा घरी जाते. आणखी तंगी आली की इंग्लिशवरून देशीवर येते. दारूचा एकूण खप थोडाच घटतो, बारचा मात्र बराच. हा बदल कुटुंबासाठी चांगला म्हणता येत नाही. जे बाहेर चालत होते ते लेकरांसमोर येते, आणि बारच्या मंदीची ही बाजू हिशेबात धरली जात नाही.

बारचा खप घटला की नफा एकदम का जातो, हे एका काल्पनिक उदाहरणाने कळेल. १०० रुपयांच्या विक्रीत माल आणि किचनचे सामान ६० रुपयांचे, भाडे, पगार, वीज, परवाना, कर्जाचे हप्ते मिळून ३२, नफा ८. विक्री ८० वर आली तर मालाचा खर्च ४८ होतो, हाती ३२ उरतात आणि ते सगळे ठरलेल्या खर्चात जातात. म्हणजे पाचवा हिस्सा गिऱ्हाईक गेले की पूर्ण नफा गेला. रिकाम्या टेबलावरचा पंखा बंद करता येतो, त्या टेबलाचे भाडे थांबत नाही.

परवाना शुल्क हा या ठरलेल्या खर्चातला एक जड भाग. परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरते आणि ते आगाऊ भरावे लागते. पुढचे बारा महिने कसे जाणार हे ठाऊक नसताना मालक रक्कम भरतो, पुष्कळदा कर्ज काढून. २०२० साली देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला लागली, नव्या परवाना वर्षाच्या आठवडाभर आधी. वाइन शॉप मे महिन्यात उघडू लागली. बार मात्र ५ ऑक्टोबरपासून, तेही निम्म्या क्षमतेने. बिअर साधारण सहा महिने टिकते, त्यामुळे पडून राहिलेल्या पेट्याही वाया गेल्या.

स्पर्धेची रचनाही बारच्या विरोधात आहे. वाइन शॉपचे नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकापासून थांबवले. परमिट रूमचे मात्र मिळत राहिले. त्यामुळे बरे दिवस आले की नवे बार उघडतात आणि मंदीत तेच गिऱ्हाईक जास्त टेबलांत वाटले जाते. त्यात करांची भर. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय झाला. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या बारचालकांनी बंद पाळला, तो या सगळ्या ओझ्याविरुद्ध होता. महसूल घटला की सरकारचे लक्ष दारूकडे जाते, आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाइकाचा खिसाही हलका असतो.

सांगली जिल्ह्यात मंदी शेअर बाजारातून येत नाही. ती उसाच्या बिलातून, बेदाण्याच्या सौद्यातून, हळदीच्या दरातून आणि विट्याच्या यंत्रमागांतून येते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार बिल १४ दिवसांत मिळायला हवे. ते लांबले की कारखाना परिसरातल्या बारमध्ये उधारीची वही जाड होते. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत एक पाळी कमी झाली तर शनिवारची गर्दी ओसरते. काउंटरवरचा माणूस ही चाहूल आधी ओळखतो: चौघांत खंबा, म्हणजे मोठी बाटली, मागवणारे टेबल क्वार्टरवर येते, चिकन चिलीच्या जागी चखण्याला शेंगदाणे. किचनमध्येही कमाई असल्याने ही दुसरी घटही लागते.

इथल्या धंद्याला ठरलेली ओहोटीही आहे. गटारीला गल्ला भरतो आणि लगेच श्रावण लागतो. नेमाने श्रावण पाळणारी मंडळी महिनाभर फिरकत नाहीत. चालक जुलैच्या कमाईवर ऑगस्ट काढतो. २०१९ मध्ये श्रावण सुरू होताच त्याच आठवड्यात कृष्णेचा महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि बाजारपेठेतली दुकाने दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर लोकांकडे घर धुण्यापुरताही पैसा नव्हता. मतदान संपण्याआधीचे ४८ तास, गांधी जयंती, आषाढी एकादशी असे कोरडे दिवस वेगळेच.

महामार्गालगतच्या बारांनी वेगळा धक्का सोसला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटर केले. नोटाबंदीला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. पुणे-बंगळूर रस्त्यावर पेठ नाक्यासारख्या ठिकाणी असलेल्या चालकांची एकामागून एक अशी दोनदा कोंडी झाली. पुढे नियम सैल झाले, पण तोवरचे भाडे द्यावेच लागले.

इंग्लंडमधल्या पबांची गोष्ट तपशिलात वेगळी, पण घडण तीच. १ जुलै २००७ ला बंद जागेत धूम्रपानबंदी आली, २००८ मध्ये आर्थिक संकट आले आणि त्याच वर्षी बिअरवरचा कर महागाईपेक्षा जास्त गतीने वाढवण्याचे धोरण सुरू झाले, ते २०१३ पर्यंत टिकले. सुपरमार्केटमधला स्वस्त डबा घेऊन लोक घरी बसू लागले. तिथले अनेक चालक जागा आणि बिअर दोन्हींसाठी एकाच कंपनीला बांधलेले असतात, त्यामुळे खप घटला तरी भाड्याची घासाघीस फारशी होत नाही.

मंदीत टिकतो तो मालकीच्या जागेतला, फॅमिली सेक्शन आणि चांगली मटण थाळी असलेला बार. पहिली कपात वेटरांची होते, आणि टिपवर जगणाऱ्या त्या माणसांना नुकसानभरपाई म्हणून कोणी काही देत नाही. पुष्कळ ठिकाणी परवाना एकाचा आणि बार चालवायला घेतलेला दुसऱ्याने, डिपॉझिट आणि महिन्याच्या रकमेवर. थकबाकी डिपॉझिटमधून वळती होत जाते. ते संपले की चालवणारा निघून जातो. पाटी तीच राहते, काउंटरवर नवा माणूस दिसतो, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला बार बुडाला हे कळतही नाही.