चाचणी तीच, वय वेगळं

मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याला वाटतं, चाचणी घेणं म्हणजे मॅन्युअलमधले प्रश्न विचारायचे आणि तक्त्यातून आकडा काढायचा. पण पहिली चूक बहुतेकदा प्रश्न सुरू होण्याआधीच होते, वय मोजताना.

समजा चाचणीची तारीख १० मार्च २०२४ आहे आणि मुलाचा जन्म २५ ऑगस्ट २०१७ चा. १० मधून २५ जात नाहीत, म्हणून एक महिना मोडून ३० दिवस घ्यायचे; उरले १५ दिवस. महिने राहिले २, त्यातून ८ जात नाहीत. एक वर्ष मोडून १२ महिने घेतले की उरले ६. वर्षं ६. म्हणजे ६ वर्षं, ६ महिने, १५ दिवस. ‘सातच्या जवळच आहे की’ म्हणून पूर्ण ७ धरली, तर मुलाची तुलना मोठ्या मुलांशी होते आणि त्याचे गुण नाहक घसरतात. हे वजाबाकीचं काम कागदावर मांडून करावं आणि जन्मतारीख दाखल्यावरून घ्यावी, आठवणीवरून नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. वेळेआधी ८ आठवडे जन्मलेलं बाळ आज १२ महिन्यांचं असेल, तर विकासाच्या चाचणीत ते साधारण १० महिन्यांचं धरतात. ही दुरुस्ती बहुधा दोन वर्षांपर्यंतच करतात. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बाळांच्या विकासाचं जे मापन तयार केलं, ते ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. बाळ भुकेलं किंवा झोपेला आलेलं असेल, तर या बाबी नोंदून काहीच हाती लागत नाही. आईच्या मांडीवरच बसू द्यावं, खुळखुळा आधी दाखवावा, उंच आवाजात हाका मारू नयेत.

शाळकरी मुलांसाठी सेग्विन फॉर्म बोर्ड वरकरणी अगदी सोपा: दहा लाकडी ठोकळे आणि त्यांच्या आकाराच्या दहा खाचा. तीन खेपा घ्यायच्या आणि तिन्हींतला सर्वांत कमी वेळ धरायचा. शिकाऊ लोक तिन्ही वेळांची सरासरी काढतात आणि मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं. दुसरी खोड डोळ्यांची. मूल चांदणी चुकीच्या खाचेत घालू लागलं, की परीक्षकाची नजर आपसूक बरोबर खाचेकडे वळते, आणि मुलं नजर अचूक वाचतात! ‘शाब्बास, बरोबर!’ हेही टाळायचं, कारण पुढच्या उत्तराला गप्प राहिलात की चुकल्याचं मुलाला कळतं. ‘छान मन लावून करतोयस’ एवढं पुरे. आकडे ऐकून पुन्हा म्हणायला सांगताना सेकंदाला एक, सपाट आवाजात म्हणावेत. फोन नंबरासारखे जोड्या पाडून सांगितले, तर लक्षात ठेवायचं अर्धं काम तुम्हीच करून दिलेलं असतं.

मग बुद्ध्यंकाचा आकडा येतो, ६८. तो एकटा कधी लिहू नये. प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५ आणि चाचणीची विश्वसनीयता (गुण किती स्थिर राहतात ते) ०.९१ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, १५ गुणिले ०.०९ (१ वजा ०.९१) चं वर्गमूळ, म्हणजे ४.५. ९५ टक्के खात्रीने बोलायचं, तर दोन्ही बाजूंना त्याच्या जवळपास दुप्पट, साधारण ९ गुण. ५९ ते ७७. बौद्धिक अक्षमतेसाठी धरतात ती ७० ची सीमारेषा या पट्ट्याच्या जवळपास मधोमध येते, म्हणून दैनंदिन वागणुकीची माहिती घेतल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

दहावीच्या मुलांची अभिक्षमता चाचणी, म्हणजे कोणत्या कामाची क्षमता आहे ते पाहणारी चाचणी, घेणं त्या मानाने सोपं. अडचण खुर्चीची असते: शेजारी बाबा बसले, की आवडीच्या प्रश्नावलीत बाबांची आवड उतरते. बाळंतिणीचंही तसंच. बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणारी १९८७ ची एडिनबर्ग प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे, गेल्या सात दिवसांबद्दलची, कमाल ३० गुणांची. सासूबाई खोलीत असताना ती भरून घेऊ नये. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायला हवं.

सर्वांत जास्त गफलती आजी-आजोबांच्या चाचणीत होतात. ३० गुणांच्या प्रचलित स्मृती-तपासणीत १०० मधून सात-सात वजा करत जायचं असतं: ९३, ८६, ७९, ७२, ६५. कोणी ९३, ८५, ७८ म्हणालं, तर चूक एकच, ८५ ची; ७८ बरोबर धरायचं, कारण ८५ मधून सात गेले. मुळात शाळेत न गेलेल्या आजींना हे गणित विचारणं म्हणजे स्मृतीऐवजी शाळा मोजणं. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढ भागासाठी १९९५ साली हिंदीतली आवृत्ती बांधताना वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाला पाहून डोळे मिटायला सांगितलं, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल बोलायला.

नैराश्याची वृद्धांसाठीची १५ प्रश्नांची पट्टी ‘हो-नाही’ची आहे. तिच्यात झोप-भुकेचे प्रश्न मुद्दाम नाहीत, कारण या वयात त्या वेगळ्या कारणांनीही बिघडतात. शिकाऊ परीक्षक मात्र आपल्या मनानेच ते विचारतो आणि बेरजेत धरतो. प्रश्न समोर बसून, सावकाश, आजोबांच्या बोलीत विचारावेत. बरोबर आलेल्या सुनेला उत्तर सुचवू देऊ नये. अहवालात शिक्षण, चाचणीची भाषा आणि वेळ लिहावी. चष्मा किंवा कानाचं मशीन घरी राहिलं असेल, तर दुसरा दिवस द्यावा. नंतर अंदाजाने दोन गुण वाढवून भागत नाही.